फरशीचा उतार मोजून देणाऱ्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय फरशी उतरती दिसली की उडणारी घाबरगुंडी काही आमच्या एकट्याच्या घरातली नाही. तुमची पद्धत चार जणांच्या वाचनात आलेली बरी.

तुमच्या आधी जे कंत्राटदार येऊन गेले, त्यांनी हॉलच्या मधोमध पाणसळ ठेवली, बुडबुडा एका बाजूला गेलेला दाखवला आणि सांगून टाकलं, "घर खचतंय, सगळा पाया खालून भरून घ्यावा लागेल." हातभर पाणसळ हातभर जागेचाच उतार सांगते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही मात्र आल्या आल्या विचारलंत, "फरशी वाकडी आहे हे दिसतंयच. पण ती नंतर वाकडी झाली, की घातली तेव्हापासून वाकडी आहे?" नंतरची सगळी मापं या एका प्रश्नासाठी होती.

तुमचं हत्यार म्हणजे पारदर्शक नळी आणि रंग घातलेलं पाणी. लेझर का नाही, असं मुलाने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, लेझरला समोरचं दिसावं लागतं, पाणी दारातून वळून पलीकडच्या खोलीतही तीच पातळी घेऊन जातं. नळीचं एक टोक तुम्ही रुंद बादलीत सोडलंत, म्हणजे दुसरं टोक वरखाली झालं तरी बादलीतली पातळी हलल्यासारखी होत नाही. नळीत अडकलेला हवेचा एक फुगा काढायला तुम्ही जेवढा वेळ घेतलात, तेवढ्या वेळात कंत्राटदारांची अख्खी पाहणी उरकली होती! बादली उन्हात आणि मोजायचं टोक सावलीत असेल तर गरम पाणी हलकं होऊन किंचित उंच उभं राहतं, म्हणून तुम्ही बादलीही आत घ्यायला लावलीत. प्रत्येक खोलीत चौकटी आखून माप घेतलंत. जिथे जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली होती तिथे टाइलची जाडी वजा केलीत. शेवटी सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन तिथलं माप पुन्हा घेतलंत. फरक एका मिलिमीटरचा निघाला, तेव्हा कुठे वही मिटलीत.

आकडे कागदावर मांडून सारख्या उंचीच्या रेषा जोडल्यावर दोन वेगवेगळी दुखणी दिसली. हॉलची फरशी मध्ये खोलगट होती, कडांना जवळजवळ सपाट. मागच्या खोलीत सगळा उतार एकाच कोपऱ्याकडे होता.

मग तुम्ही फरशी सोडून भिंतीकडे वळलात, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. गवंडी फरशी कशीही घालो, विटांचा थर दोरी लावूनच चढवतो. थोडं इकडेतिकडे होतं, पण खोलीभर एका बाजूला उतरत जात नाही. बाहेरून गिलावा नसलेल्या भिंतीवरचा एकच थर धरून तुम्ही नळीने मोजत गेलात. हॉलच्या बाजूला थर समपातळीत. म्हणजे पाया जागेवर आहे, फरशीखालची भरावाची मातीच दबली आहे. भिंतीची पट्टी आणि फरशी यांच्यामध्ये पडलेली फटही तेच सांगत होती. मागच्या कोपऱ्यात मात्र विटांचा थरही फरशीसोबत खाली गेलेला. तिथे खरोखर पाया हलला होता.

कधी हलला, ते दाराने सांगितलं. त्या खोलीच्या दाराची वरची कड कुणीतरी रंधा मारून तिरकी केली होती, आणि त्या तासलेल्या कडेवर जुन्या रंगाचे दोन थर होते. दारावरची तिरपी भेग वर रुंद, खाली निमुळती होती. कोपरा खाली बसला की भेग अशीच उघडते, असं तुम्ही दाखवलंत. भेगेतही बराचसा जुनाच रंग होता, फक्त वरच्या टोकाला कडा ताज्या, स्वच्छ होत्या. म्हणजे हालचाल बरीचशी जुनी, थोडी नवी.

कंत्राटदारांनी आम्हाला १/३०० या आकड्याची, म्हणजे ज्याच्या पुढे भिंतींना भेगा पडू लागतात त्या मर्यादेची, भीती घातली होती. तो आकडा खरा आहे, स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या अभियंत्यांनी १९५६ साली मांडलेला, हे तुम्ही मान्य केलंत. पण तो बांधकामानंतर दोन जागा कमीजास्त खचल्या, त्या फरकाला मधल्या अंतराने भागून काढायचा, आणि अख्खं घर एकसंध कललं असेल तर तो कल आधी वजा करायचा. आज दिसणाऱ्या फरशीच्या उताराला तो सरळ लावायचा नाही. पन्नास मिलिमीटरचा उतार जन्मजात असेल तर घराला त्याचं काही नसतं, आणि पाच मिलिमीटरची ताजी हालचाल झोप उडवू शकते. हे इतक्या सोप्या शब्दांत आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

कोपऱ्याबाहेर खणल्यावर सांडपाण्याच्या पाइपचा निखळलेला जोड सापडला. पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरून माती मऊ होत गेली होती. जोड बसवला. पाया भरायला तुम्ही तूर्त मनाई केलीत, कारण एकदा घेतलेलं माप घराचा आकार सांगतं, हालचाल नाही. त्यासाठी ओल्या आणि कोरड्या दोन्ही हंगामांत त्याच बिंदूंवर परत मोजावं लागतं, कारण चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते.

तर हिशेब देते. भिंतीत ठोकलेल्या पितळी स्क्रूंवर ओला हंगाम संपताना आणि नंतर माती पूर्ण सुकल्यावर माप घेतलं. समोरच्या कोपऱ्याच्या तुलनेत मागचा कोपरा दोन्ही वेळा मिलिमीटरभराच्या आतच इकडेतिकडे झाला. भेगेच्या दोन्ही बाजूंना तुम्ही पेन्सिलने मारलेल्या खुणांमधलं अंतरही तेवढंच आहे. हॉलची फरशी उखडून खालची भर दाबून घ्यायचं काम पुढे काढतो आहोत. दारावरची भेग आता बुजवावी, की अजून एक ओला हंगाम जाऊ द्यावा, तेवढं कळवा. दार मी अजून पुन्हा तासू दिलेलं नाही.

तुमची,
नळीचं दुसरं टोक धरून उभी राहणारी