आगसुद्धा निळीच

लिस्बन,
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

"निळा नको, थंड वाटतो," असं तू गिऱ्हाइकांना सांगताना मी तुझ्या टाइल्सच्या दुकानात बसून शंभरदा ऐकलंय. काल इथे भिंतीच्या भिंती निळ्या असलेलं एक चर्च पाहिलं. थंड अजिबात वाटलं नाही रे!

चर्चचं नाव माद्रे दे देउश, म्हणजे देवमाता. राणी लिओनोरने १५०९ मध्ये जोगिणींसाठी इथे मठ काढला. आता त्या मठात टाइल्सचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, नि चर्च त्याच्याच पोटात. आत शिरलं की आधी डोळ्यांवर येतं ते सोनं. कोरीव लाकडावर वर्ख, छताला, चौकटींना, वेदीला. पाच मिनिटांत मला ते जड झालं. लग्नात एखादी काकू कपाटातले सगळे दागिने एकदम घालून येते ना, तसं. बरोक म्हणतात ते हेच. मग नजर खाली उतरली नि जिवात जीव आला. भिंतींचा खालचा भाग निळ्या-पांढऱ्या टाइल्सचा, आणि त्या निळ्यानेच सगळं सोनं सावरून धरलंय.

गंमत म्हणजे आझुलेझूच्या, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत टाइल्सच्या, या देशात चर्चमधल्या या टाइल्स मात्र हॉलंडहून आलेल्या. (आझुलेझू हा शब्द 'आझुल' म्हणजे निळा यावरून आला असं मी समजत होतो. तो निघाला अरबी, घोटलेल्या दगडावरून.) एका चित्रात बायबलमधल्या मोझेससमोर झुडूप पेटलंय. आता रंग एकच, म्हणून आगसुद्धा निळीच! तरी ती आग वाटते. जवळ जाऊन पाहिलं तर ज्वाळेची एक रेघ तीन टाइल्सवरून जाते आणि सांध्यावर कुठे तुटत नाही. कच्च्या पांढऱ्या ग्लेझवर ब्रश टेकला की रंग लगेच शोषला जातो, खोडायची सोय नाही. मग भट्टी. तुझ्या मोरबीच्या टाइल-कारखान्यांतल्या डिजिटल प्रिंटवाल्यांना एकदा आणून उभं करायला हवं इथे.

वरच्या मजल्यावर साधारण १७०० सालचं लिस्बन आहे, टाइल्सवरच, तब्बल २३ मीटर लांब. नदीकाठचा राजवाडा, चर्चं, जहाजं. १७५५ च्या भूकंपात यातलं कितीतरी गेलं, तो राजवाडाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. पाय मोडले.

म्हणून खाली कॅफेत टेकलो, तर तिथे आणखी मजा. भिंतीवर कुठल्याशा जुन्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स, त्यांवर खुंटीला टांगलेले मासे नि ससे रंगवलेले. पणजीला मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दारात पाऊस थांबायची वाट बघत आपण तासभर उभे होतो, आठवतं? तिथल्या निळ्या टाइल्सच्या भिंतीकडे पाठ करून आपण भजी खात होतो. गाढव होतो दोघेही.

तर काम असं, की आईच्या ओट्यामागची भिंत या दिवाळीत करायचीच आहे. गोडाऊनमध्ये निळ्याची एखादी पेटी पडून असेल तर बाजूला काढून ठेव. मासे नकोत, आई जेवायची नाही. आणि तिला इतक्यात काही बोलू नकोस.

तुझा,
बाळ्या