माझी गोपनीय तक्रार माझ्याच साहेबांच्या टेबलावर: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात मी लेखी तक्रार दिली. पाकिटावर ‘गोपनीय’ लिहिलं होतं आणि आतल्या अर्जावरही. या सोमवारी तोच अर्ज आमच्या प्लांट हेडच्या टेबलावर दिसला. माझ्या सहीसकट झेरॉक्स, आणि वर शिक्का: ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’. कार्यवाही तत्काळ झाली. दुपारच्या आत माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस होती. सरकारी शेऱ्यावर इतक्या तडफेने अंमल झालेला मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. हार्दिक अभिनंदन.

त्या कार्यालयाचं नाव इथे घेत नाही, कारण दोन टेबलं सोडली तर तिथल्या लोकांना बिचाऱ्यांना काही ठाऊकही नसेल. माझंही नाव खाली लिहीत नाही. ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं त्यांना ते कळवण्याची सोय आधीच झालेली आहे.

तक्रार होती पॉवर प्रेसची, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वळवणाऱ्या मशीनची. आपल्याला कोणी समजावून सांगितलं नसेल तर सांगतो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो. म्हणजे डाय, अर्थात साचा, मिटताना हात आत असूच शकत नाही. जोडीला लाइट कर्टन असतो. प्रकाशाच्या त्या पडद्यात बोट आलं की मशीन थांबतं. आमच्याकडे दोन्ही आहे, आणि ऑडिटच्या दिवशी दोन्ही चालतं. एरवी एका बटणात पट्टी खोचून ते कायमचं दाबून ठेवलेलं असतं आणि कर्टन बायपास, म्हणजे वळसा घालून निकामी, केलेला असतो. का, तर एका हाताने पार्ट सरकवायचा आणि दुसऱ्याने बटण मारायचं, असं केलं की तासाला नग जास्त निघतात. मी हे लेखी कळवलं, मेल केले, सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात घातलं. उत्तर एकच: ‘एवढं डिस्पॅच जाऊ दे, मग बघू.’ डिस्पॅच रोजच असतं.

मग ठेकेदाराकडच्या एका पोराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. विशीतला पोरगा. आपली पाळी संपवून दुसऱ्या पाळीला थांबवलेला. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड अपघातानंतर निघालं. चौकशी अहवालात मूळ कारण म्हणून काय लिहायचं ते मला तोंडी सांगण्यात आलं: कामगाराचा निष्काळजीपणा. मी ‘इंटरलॉक बायपास’, म्हणजे मशीनची सुरक्षा यंत्रणा निकामी केलेली, असं लिहिलं. अहवाल ‘सुधारणेसाठी’ परत आला. मी सुधारला नाही. तक्रार केली ती यानंतर.

आता कायद्याचं बोलू. कारखाने अधिनियमात 1987 साली कलम 118-अ घातलं गेलं. सरकारच्या कारखाना निरीक्षकाने तक्रार कुठून आली ते गुप्त ठेवायचं, आणि तपासणीला गेल्यावर ‘आम्ही तक्रारीवरून आलो’ हेसुद्धा मालकाला कळू द्यायचं नाही. त्याच्याही आधी, 1949 मध्ये, भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक 81 मान्य केला. त्यातही हेच बंधन आहे. आता जुने कामगार कायदे जाऊन त्यांच्या जागी कामगार संहिता आल्या, पण त्या कराराखालची सही कुठे गेली नाही ना? की तिलाही कारणे दाखवा नोटीस काढली?

माझ्या पदाची गंमत सांगतो. जुन्या कायद्याच्या कलम 40-ब प्रमाणे 1,000 कामगार असले की सुरक्षा अधिकारी नेमणं सक्तीचं होतं. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 500, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर 250. ऐकायला छान वाटतं. अधिकारी वाढतील, आमच्या पोरांना नोकऱ्या मिळतील, डिप्लोमाचे क्लास भरतील. पण त्या अधिकाऱ्याचा पगार कोण देणार? ज्याला थांबवायचं तोच. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कप्तानाने पंचाला पगार द्यायचा, आणि पंचाने पायचीत दिलं की त्यालाच मैदानाबाहेर काढायचं, असा हा सामना आहे. मला मशीन बंद करण्याचा अधिकार नाही. मी ‘सल्ला’ देतो. सल्ला फाइलला लागतो. अपघात झाला की तीच फाइल उघडून विचारतात, सुरक्षा अधिकारी काय करत होता?

काय करत होतो तेही सांगून टाकतो. सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच्या कामाशी संबंध नसलेलं किंवा त्या कामाला बाधा आणणारं काम देऊ नये, असं नियम म्हणतात. मी कँटीनच्या तक्रारी बघतो, बसचे रूट बघतो, बागेतल्या माळ्याची हजेरी लावतो, पाहुणे आले की त्यांना हेल्मेट घालून फिरवतो, आणि सुरक्षा सप्ताहात घोषवाक्य स्पर्धा घेतो. 4 मार्च आला की आमच्यासारखा लाडका माणूस कारखान्यात दुसरा नसतो. बिल्ले लावायचे, शपथ घ्यायची, फोटो काढायचे. त्या फोटोत मागे प्रेस शॉप दिसतं. बारकाईने बघितलंत तर पट्टीही दिसेल.

आणि तो गेटवरचा बोर्ड! ‘अपघातविरहित दिवस’. आपण कुठल्याही कारखान्यात उद्घाटनाला गेलात की तो वाचून प्रसन्न होत असाल. तो आकडा कसा वाढतो याचं इंगित ऐका. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात शासनाला कळवावा लागतो. म्हणून त्याला 48 तासांच्या आत कामावर ‘आणतात’. घरी गाडी जाते. हाताला बँडेज, डोळ्यांत औषधाची गुंगी, आणि माणूस स्टोअरमध्ये खुर्चीवर बसलेला. त्याचं कार्ड पंच होतं, तो दिवसभर भिंतीकडे बघतो, संध्याकाळी गाडी परत सोडते. याला ‘हलकं काम’ म्हणतात. ठेकेदाराचा माणूस असेल तर तेवढंही नाही. गावाला पाठवून देतात, आणि गावाला गेलेला माणूस कुठल्याच रजिस्टरात जखमी नसतो. मी अशी माणसं खुर्चीवर बसलेली पाहिलीत, त्यांना चहा नेऊन दिलाय, आणि बोर्डवरचा आकडा बदलायला येणाऱ्या शिपायाच्या नजरेला नजर देऊ शकलेलो नाही. झोपेच्या गोळीशिवाय झोप येत नाही. रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात दुसरी नोकरी बघ. दुसरीकडे बोर्ड नाही का?

म्हणून सरकारी आकड्यांवर माझा विश्वास नाही. कारखान्यांतल्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्राच्या डीजीफासली या कार्यालयाचे 2017 ते 2020 चे आकडे काढले तर देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत रोज सरासरी 3 मृत्यू आणि 11 जखमी. नीट बघा: मृत्यू 3, जखमी 11. हाइनरिश या अमेरिकी सुरक्षातज्ज्ञाने 1931 साली मांडलेलं गुणोत्तर आमच्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात शिकवतात. एका मोठ्या इजेमागे 29 किरकोळ इजा आणि 300 थोडक्यात टळलेले प्रसंग. गुणोत्तरावर वाद आहेत, असू देत. पण दर मृत्यूमागे चारसुद्धा जखमी नाहीत, हे कुठल्या देशात घडतं? मृतदेह लपवता येत नाही, बोट लपवता येतं, एवढाच या आकड्यांचा अर्थ. आणि यात नोंदणी नसलेली शेड, गाळे, बांधकामं धरलेलीच नाहीत.

दंडाचं म्हणाल तर गंभीर इजेला जुन्या कायद्यात किमान दंड होता 5,000 रुपये. मृत्यूला 25,000. नव्या संहितेत गंभीर इजेला किमान 2 लाख, मृत्यूला 5 लाख. वाढवलात, मान्य करतो. पण दंड व्हायला खटला लागतो, खटल्याला तपासणी लागते, आणि तपासणीला निरीक्षक लागतो. निरीक्षकाने कुठे जायचं ते संगणक चिठ्ठी काढून ठरवतो, बाकीचं स्वयंप्रमाणन. म्हणजे मालकाने स्वतःच लिहून द्यायचं की माझं सगळं ठीक आहे. हे माझ्या लहानपणी जमलं असतं तर मी दरवर्षी पहिला आलो असतो.

कायद्याने कारखान्याचा भोगवटादार म्हणजे कंपनीचा संचालक जबाबदार. पोलिसांच्या जीपमध्ये मात्र आधी बसतो तो शिफ्ट इन्चार्ज आणि सुरक्षा अधिकारी. संचालक मुंबईत असतात, वकील त्याहून जवळ असतात. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण मेलच्या प्रिंट घरी जपून ठेवतो. त्या अपघात टाळायला उपयोगी पडत नाहीत, जामिनाला पडतात.

आणि आता 12 तास. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली, तिमाही ओव्हरटाइम 115 तासांवरून 144. कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे. ठेकेदाराच्या माणसाची संमती! त्याच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतात हो. पण तेही बाजूला ठेवतो, मला एक तांत्रिक प्रश्न विचारायचाय. नियमांतल्या तक्त्यात आवाजाची मर्यादा 90 डेसिबल आहे, ती 8 तासांसाठी. हवेतल्या रसायनांच्या मर्यादा 8 तासांच्या सरासरीवर ठरलेल्या आहेत, कारण उरलेल्या 16 तासांत शरीर ते बाहेर टाकतं असं गृहीत धरलंय. 12 तास धरले तर त्याच तक्त्याच्या हिशेबाने आवाज 87 च्या आसपास आणावा लागेल, आणि शरीराला मिळणारी उसंत 12 तासांवर येईल. हे गणित मंत्रिमंडळाच्या टिपणीत कुणी मांडलं होतं का? मला ती टिपणी वाचायला आवडेल. ऐकू न येणं हा कायद्याने कळवण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाशी एकदा फोनवर बोलून बघा.

तुम्ही म्हणाल, याचा आणि तुझ्या नोटिशीचा काय संबंध? भोपाळमध्ये 1984 साली सुरक्षा यंत्रणा नव्हत्या असं लोकांना वाटतं. होत्या. टाकी थंड ठेवणारं संयंत्र बंद केलेलं होतं. वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरची पाइप दुरुस्तीसाठी काढलेली होती. आणि हे आतल्या माणसांना माहीत होतं. आतला माणूस बोलला, तर त्याचं काय करायचं, हा सगळा प्रश्न आहे. डोंबिवली, मे 2016. पुन्हा डोंबिवली, मे 2024. पुण्याजवळ उरवडे, जून 2021. महाड, नोव्हेंबर 2023. प्रत्येक ठिकाणी स्फोट नाहीतर आग, मग मंत्र्यांची भेट, मदत जाहीर, समिती, ‘कुणाचीही गय केली जाणार नाही’. डोंबिवलीतले धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा तर आता तोंडपाठ झाली आहे. या प्रत्येक कारखान्यात आधी कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असणार, ही माझी पक्की समजूत आहे. त्यातला एखादा तक्रार करायला निघाला असेल आणि त्याला माझ्यासारखा कोणी भेटला असेल, तर त्याने काय ठरवलं असेल? आज आमच्या धंद्यातल्या लोकांच्या ग्रुपवर माझ्या नोटिशीचा फोटो फिरतोय. पुढचं वर्षभर त्या ग्रुपमधला एकही जण तुमच्या कुठल्याही कार्यालयाला पत्र लिहिणार नाही. तेवढी शांतता तुम्हाला हवी असेल तर काम फत्ते झालंय.

मागण्या फार नाहीत. माझा अर्ज कोणी अग्रेषित केला ते शोधा आणि त्याच्यावर काय केलं ते जाहीर करा. सुरक्षा अधिकाऱ्यावर कारवाई करायची असेल तर आधी तुमच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने दोन्ही बाजू ऐकाव्यात, आणि ते होईपर्यंत त्याला हात लावू नये. बायपास केलेलं मशीन जागेवर सील करण्याचा अधिकार आम्हाला द्या, निदान 24 तासांसाठी. निरीक्षकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हा आकडा संकेतस्थळावर दर महिन्याला टाका. त्या पोराला पूर्ण भरपाई आणि जमेल असं काम मिळालं की नाही, हे तुमच्या माणसाने त्याच्या घरी जाऊन बघावं. कंपनीला विचारू नका, कंपनी सांगेल मिळालं.

माझी चौकशी पुढच्या गुरुवारी आहे. तुमच्याकडून कोणी हजर राहणार असेल तर त्याला आधी प्रेस शॉपमध्ये न्या, न कळवता, दुसऱ्या पाळीला. आणि येताना हेल्मेट नि सेफ्टी शूज घरूनच आणायला सांगा. गेटवर नवे जोड ठेवलेले आहेत, पण ते ऑडिटवाल्यांसाठी आहेत, कपाटाची किल्ली एचआरकडे असते.

आपला,
एक सुरक्षा अधिकारी
(गुरुवारपर्यंत तरी)