बाबांची ‘गोदावरी’ समजावून देणाऱ्या काकांचे आभार

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

आमच्या खानापूर तालुक्यात कोणी फौजी म्हटले की लोक आधी ‘कुठली पलटण?’ असे विचारतात, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात आहे. नौदलातल्या बाबांची नोकरी गावात कोणालाच नीट कळली नाही आणि ते स्वतः कधी बोलले नाहीत. त्यांच्या पेटीत राहिलेले सर्व्हिस बुक आणि ‘एफ २०’ क्रमांकाच्या जहाजाचा फोटो घेऊन मी निपाणीला, बाबांबरोबर त्याच जहाजावर असलेल्या आपल्या दारी आले, तेव्हा ओळखदेख नसताना आपण आपले तीन रविवार मला दिलेत, याबद्दल हे जाहीर आभार.

ती आयएनएस गोदावरी. भारतात आराखडा तयार होऊन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही पहिली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली. आधीच्या लिअँडर वर्गाच्या युद्धनौकांतली ३०,००० अश्वशक्तीची वाफेची यंत्रणाच वापरून त्याहून मोठे, दोन सी किंग हेलिकॉप्टर वाहणारे जहाज चालवायचे होते, हे आपण सांगितलेत तेव्हा वाफ तयार करणाऱ्या बॉयलर रूममधल्या बाबांसारख्या माणसांची जबाबदारी मला उमगली.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आपण बॉयलर काढून दाखवलात. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतले पाणी फार उतरले तर बॉयलरच्या आतल्या नळ्या जळतात, फार चढले तर ते वाफेबरोबर जहाज चालवणाऱ्या टर्बाइनमध्ये शिरते. धुराड्यातून काळा धूर आला तर हवा कमी, पांढरा आला तर जास्त. मला एकदम आमच्या परसातला तांब्याचा बंब आठवला. त्याचा धूर काळा दिसला की बाबा जेवणावरूनही उठत आणि राख ओढून हवेला वाट करून देत.

नोव्हेंबर १९८८ मध्ये दिवाळी तोंडावर आली तरी त्यांचे पत्र आले नव्हते, एवढेच आईला ठाऊक होते. मालदीवमधले बंड फसल्यावर ओलिसांना घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ जहाजातून पळालेल्या भाडोत्री सैनिकांना गोदावरी आणि नौदलाचीच दुसरी युद्धनौका बेतवा यांनी भर समुद्रात गाठले, ती हकिकत आपण तिला समोर बसवून सांगितलीत. तिने एवढेच विचारले, ‘तेव्हा हे खाली होते?’ सर्व्हिस बुकातल्या नोंदीवर बोट ठेवून आपण म्हणालात, ‘होय वहिनी, खालीच.’

कॅलेंडरचे ते पान आईने फोटोशेजारी लावले आहे. बंब अजून चालू आहे. यंदा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आपण सहकुटुंब यावे, अशी तिची विनंती आहे.

आपली नम्र,
आपल्या गोदावरीवरच्या सोबत्याची मुलगी