‘माझं बिल कुठे गेलं?’ असं विचारणाऱ्या ताईंना

ताई,
स.न.वि.वि.

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. तेव्हा हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

तुम्ही इतकी वर्षं ज्यावर बिलं काढलीत तो प्रोग्राम माझाच. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला. ती भाषा १९९८ ची. तिच्या साधनांना आधार देणं मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये थांबवलं. प्रोग्रामला ते कुणी कळवलं नसावं, तो चालतच राहिला. डेटा मात्र अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेसच्या एका फाइलमध्ये कोंबलेला, आणि अशा फाइलची कमाल मर्यादा २ जीबी. फाइल फुगायची, मी ती ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ करून आणायचो, ती पुन्हा फुगायची. त्यात ऑफिसबाहेरून बिल बघायची सोय नाही. म्हणून सगळं वेबवर न्यायचं ठरलं.

माझा बेत सरळ होता. जुन्याकडे न बघता सगळं नव्याने लिहायचं आणि एका सोमवारी जुनं बंद करायचं. पहिला डेमो आठवतो ना? ‘छान दिसतंय’ म्हणालात आणि बिल करायला बसलात. एंटर दाबलंत, तर कर्सर पुढच्या रकान्यात जायच्या ऐवजी अर्धवट बिल सेव्ह झालं. नव्या बिलासाठी कंट्रोल-एन दाबलंत, तर ब्राउझरची कोरी खिडकी उघडली. तरीही नेटाने बावीस ओळी भरल्यात आणि सवयीने एफ-५ दाबलंत. आपल्याकडे एफ-५ म्हणजे सेव्ह, ब्राउझरमध्ये तेच बटण पान पुन्हा लोड करतं. बावीसच्या बावीस ओळी गेल्या. तुम्ही चिडला नाहीत. शांतपणे विचारलंत, ‘माझं बिल कुठे गेलं?’ चिडला असतात तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मला शेजारी खुर्ची दिलीत आणि म्हणालात, ‘बोलू नकोस, बघ.’ दोन दिवस बघितलं. तुम्ही पडद्याकडे बघतच नाही! नजर कागदावर, उजवा हात आकड्यांच्या कीपॅडवर. मी मन लावून रंगवलेली बटणं तुमच्या दृष्टीने नव्हतीच. एंटर आणि एफ-५ त्याच आठवड्यात ताळ्यावर आणले, आणि अर्धवट बिल ब्राउझरमध्येच साठवून ठेवायची सोय केली, म्हणजे पान पुन्हा लोड झालं तरी ओळी जागेवर.

त्याच दोन दिवसांत ‘इतर २’ या रकान्याचा उलगडा झाला. कोडमध्ये तो कुठेच वापरलेला नव्हता, म्हणून नव्या डेटाबेसमधून मी तो काढून टाकला होता. तुम्ही त्यात गाडीचा नंबर लिहीत होतात. शेऱ्याच्या सुरुवातीला दोन फुल्या असल्या तर माल सोडायचा नाही, हाही तुमचाच नियम. प्रोग्राम लिहिणाऱ्याला याचा पत्ता नव्हता आणि खात्यात तो सगळ्यांना पाठ होता.

मग विचारलंत, ‘बिल दुसरीकडे उघडं आहे, असं आता का सांगत नाही हा?’ खरं सांगतो, तो निरोप गेला याचा मला आनंद झाला होता. पण तो गेला होता कारण वेबवर सर्व्हर पान देतो आणि तुम्हाला विसरतो. तेच बिल तुमच्याकडे आणि शेजारच्या टेबलावर एकदम उघडं असलं, तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहणार आणि पहिल्याचं काम गुपचूप पुसलं जाणार. आता प्रत्येक बिलाला आवृत्तीचा आकडा आहे. तुम्ही उघडल्यापासून तो बदलला असेल तर सेव्ह होत नाही, दोन्ही बिलं समोर येतात. तुम्ही विचारलं नसतंत तर हे आम्हाला बहुधा एखाद्या ग्राहकाने शिकवलं असतं.

‘आधी नुसतं बघायला दे, लिहिणं नंतर,’ हे तुमचं वाक्य मी भिंतीवर लावलंय. त्याप्रमाणे डेटा पोस्टग्रेसक्यूएल या मोठ्या डेटाबेसवर नेला, जुना प्रोग्राम त्यालाच जोडला, आणि वेबवर पहिल्यांदा फक्त खातेउतारा दिला. मग येणी, मग पावत्या, बिलं सगळ्यात शेवटी. या पद्धतीला आमच्या धंद्यात ‘स्ट्रँगलर फिग’ असं नाव आहे. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये तिला एका झाडाची उपमा दिली: दुसऱ्या झाडावर रुजून, त्याला वेढत वेढत शेवटी त्याची जागा घेणारं. सगळं नव्याने लिहायला बसलेल्या नेटस्केपच्या ब्राउझरची आवृत्ती ४ नंतर थेट ६ आली, ५ कधी बाहेर पडलीच नाही, हेही मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तेच करायला निघालो होतो.

पण खरे आभार आहेत ते बिलांतल्या एका पाचाचे.

बिलं अजून जुन्यावर निघत होती, आणि रात्री त्याच बिलांवर नवं गणित चालवून फरकांची यादी सकाळी तुमच्या टेबलावर येत होती. बहुतेक बिलं जुळायची. काहींत शेवटच्या दशांशात एकाचा फरक. मी म्हणालो, चालतंय. तुम्ही पेन्सिल घेऊन यादी खुणावलीत आणि जेवायच्या आधी मला बोलावलंत: ‘फरक आहे तिथे आकडा पाचावर संपतो. पण पाचावर संपणाऱ्या सगळ्यांत फरक नाही.’

तिथून पुढे मला दहा मिनिटंही लागली नाहीत. जुन्या भाषेतलं राउंड, म्हणजे रक्कम दोन दशांशांपर्यंत आणणारी आज्ञा, नेमका अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे जातं, म्हणून ०.१२५ चे ०.१२ होतात. आमचं नवं जावास्क्रिप्टचं गणित तिथे वर जातं, ०.१३. आणि ०.३७५ चे दोन्हीकडे ०.३८ च. म्हणून निम्मे जुळत होते आणि निम्मे नाही. गंमत म्हणजे तुम्ही एक्सेलमध्ये ताडून बघितलंत, तर तेही ०.१३ म्हणालं. म्हणजे इतकी वर्षं वेगळं वागत होता तो माझा जुना प्रोग्राम.

मी लगेच जुनी बिलं ‘दुरुस्त’ करायला निघालो होतो. ‘छापून दिलेलं बिल बदलायचं नाही,’ म्हणालात. ‘तेव्हा जो आकडा दिला तोच दाखव. नवा नियम नव्या बिलांपासून.’ त्यामुळे आता रक्कम दर वेळी नव्याने मोजत नाही, बिल निघालं तेव्हाची साठवलेली दाखवतो. अख्ख्या स्थलांतरात याहून शहाणा निर्णय झाला नाही, आणि तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

छपाईचा त्रास राहिलाच आहे, त्यावर वेगळं बोलू. आणि कंट्रोल-एन. ते बटण ब्राउझर आमच्या हातात देतच नाही, म्हणून ऑल्ट-एन दिलंय. परवा मागून जाताना पाहिलं: तुम्ही अजून कंट्रोल-एनच दाबता, कोरी खिडकी उघडते, तुम्ही तिच्याकडे न बघताच ती बंद करता आणि मग ऑल्ट-एन.

आपला,
शेजारच्या खुर्चीवरचा