पांढरी बाटली ओतू न देणाऱ्या काकांना

समुद्राच्या पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं सी.टी.डी. यंत्र सांभाळणाऱ्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण गोव्याच्या संशोधन जहाजांवर रोझेट, म्हणजे त्या यंत्राभोवती नमुन्याच्या बाटल्या लावलेली चौकट, पाण्यात सोडणाऱ्या कुणालाही हे पत्र वाचून सगळं कळेल.

कॉलेजच्या पोरांना आणि प्राध्यापकांना जहाज 'दाखवणारे' आधीही भेटले होते. शिडीने वर चढायचं, ब्रिजवर फोटो काढायचा, प्रयोगशाळेच्या दारातून आत डोकवायचं, "कशालाही हात लावू नका" हे पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि प्रमाणपत्रं घेऊन उतरायचं. एका ठिकाणी तर तोंडावर सांगण्यात आलं की विद्यार्थी डेकवर आले की काम खोळंबतं. तुम्ही मात्र हेल्मेट, लाइफ जॅकेट, सेफ्टी शूज चढवायला लावून त्यांना थेट रोझेटपाशी उभं केलंत.

आणि प्रत्येक गोष्टीमागचं 'का' सांगितलंत. निस्किन बाटली, म्हणजे रोझेटवरची दोन्ही टोकांना झाकणं असलेली नमुन्याची बाटली, ताणून उघडी ठेवताना वरची हवेची चावी घट्ट हवी आणि खालची तोटी बंद, कारण चावी सैल राहिली तर खोलवर भरलेलं पाणी वर येता येता गळतं, त्याच्या जागी वरचं शिरतं आणि आकडा मात्र दिसायला ठीकठाक येतो. एका बाटलीची दोरी दुसरीत अडकली तर झाकण अर्धवटच मिटतं. रोझेट आधी दहाएक मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबवायचं, म्हणजे पंप सुरू होऊन नळ्यांतली हवा निघून जाते. मग सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने खाली. संवेदक तळाशी असल्याने खाली जातानाची नोंद न ढवळलेल्या पाण्याची मिळते. बाटल्या मिटायच्या त्या वर येताना, आणि तेही प्रत्येक खोलीवर अर्धा मिनिट थांबून, कारण रोझेट आपल्यासोबत खालचं पाणी ओढत आणतं. आमच्या क्रमिक पुस्तकांत या सगळ्याला दीड ओळ आहे.

डेकवर आल्यावरही घाई नाही. हवेची चावी बंद ठेवूनच तोटी उघडून बघायची. पाणी वाहत राहिलं तर कुठेतरी ओ-रिंग (झाकणाचं रबरी कडं) गळतेय, त्या बाटलीवर खूण करायची. गळत नसेल तरच चावी सैल करायची, आणि त्या क्षणापासून आत हवा शिरू लागते म्हणून ऑक्सिजनचा नमुना सगळ्यांच्या आधी. पोषकद्रव्यं आणि क्षारतेचे नमुने मागून घेतले तरी चालतात. काचेच्या १२५ मिलीच्या बाटलीत नळी अगदी तळापर्यंत घालायची, नळीतला बुडबुडा चिमटून घालवायचा, पाणी दोन-तीन बाटल्यांइतकं बाहेर सांडू द्यायचं आणि नळी हळू वर काढायची. मग मँगनस क्लोराइड आणि अल्कलाइन आयोडाइड, प्रत्येकी एक मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवूनच. झाकण तिरकं बसवायचं, म्हणजे खाली हवा अडकत नाही. मग जोरात हलवायचं, की आत गाळ तयार होतो.

तिसऱ्या वर्षाच्या आमच्या एका मुलीने ३०० मीटरची बाटली अशीच भरली, आणि आतला गाळ पांढराच राहिला. वर्गात तिने एकच शिकलं होतं: गाळ तपकिरी यायला हवा, पांढरा आला तर प्रयोग बिघडला, गुण गेले. कुणाला कळायच्या आत ती बाटली घेऊन सिंककडे निघाली. तुम्ही ती तिच्या हातातून घेतलीत, बाहेरून बाहीने पुसलीत आणि दहा मीटरच्या गडद तपकिरी बाटलीशेजारी ट्यूबलाइटसमोर धरलीत. म्हणालात, "ओतू नकोस. इतकी स्वच्छ बाटली मलाही दरवेळी जमत नाही." मग नोंदपत्रक तिच्यापुढे सरकवलंत. नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव तिलाच लिहायला लावलंत.

त्या एका वाक्यात तुम्ही तिला अरबी समुद्र शिकवलात. साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात इथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. वर भरपूर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात, मरून खाली पडतात, ते कुजताना ऑक्सिजन खर्च होतो आणि उत्तरेला जमीन असल्याने ताजं पाणी सहज पोचत नाही. गाळातलं मँगनीज तपकिरी होतं ते पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे. ऑक्सिजनच नसेल तर ते तपकिरी होणार कसं? हवेचा एक बुडबुडा शिरला असता तरी गाळाला रंग चढला असता. म्हणजे तो पांढरा गाळ तिच्या हाताच्या सफाईचा पुरावा होता.

आमच्याकडची बरीच मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ हेच कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर चढतं, हे दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली जगापुढे मांडलं. बापाच्या जाळ्याचा आणि त्या बाटलीचा संबंध त्या मुलांना पहिल्यांदा तुमच्या डेकवर दिसला.

'गवेषणी'च्या काळापासून, मग १९८३ची 'सागर कन्या', २०१४ची 'सिंधु साधना', जहाजं बदलली, यंत्रं बदलली. पण नमुना घेणारा हात हाताखालीच तयार होतो. शोधनिबंधावर तुमच्यासारख्यांची नावं क्वचितच येतात, तरी त्यातला एकेक आकडा तुमच्या हातून गेलेला असतो. इतकं येत असूनही नवख्याला न दरडावणारी माणसं आम्ही फार थोडी पाहिली आहेत. पहाटेच्या पाळीला ओकाऱ्यांनी गळालेल्या पोरांसाठी सुकी बिस्किटं काढून ठेवणारे गॅलीतले (जहाजाच्या स्वयंपाकघरातले) दादाही त्यांतलेच. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

या वर्षीपासून आमच्या प्रात्यक्षिकात नळाच्या पाण्याशेजारी आणखी एक बाटली ठेवली आहे: वीसेक मिनिटं उकळून, गरम असतानाच काठोकाठ भरून, झाकण लावून थंड केलेलं पाणी. तिच्यातला गाळ फिकट येतो. तो का फिकट आला हे जो लिहील त्याला पूर्ण गुण आहेत, आणि नुसत्या रंगावरून गुण कापणं आम्ही बंद केलं आहे.

आपले ऋणी,
कोकणातल्या एका कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी