शपथेचे दुसरे वाक्यही विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकांनी विचारले होते, ‘ज्याला देवाचे भय नाही, त्याच्या शब्दाला किंमत ती काय?’ तो प्रश्न मनातून जात नाही, कारण लोकांचे शब्द ऐकण्यातच माझा जन्म गेला. 29 वर्षे मी फौजदारी न्यायालयात कारकून होते. पुकारा व्हायचा, साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहायचा आणि मी त्याच्याकडून शपथ म्हणवून घ्यायची. ‘ईश्वराला स्मरून खरे सांगेन, खोटे सांगणार नाही.’ मी स्वतः विशीपासून देव मानत नाही.

देवाचे नाव घेताना आवाज कापलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि बांधावरून झालेल्या मारामारीच्या खटल्यात, कपाळी एकाच देवळातला गुलाल लावून आलेले दोन सख्खे भाऊही पाहिले आहेत. दोघांनी तीच शपथ घेतली आणि एकाने सांगितले त्याच्या बरोबर उलट दुसऱ्याने सांगितले. ही माणसे अपवाद नव्हती. उलटतपासात कोण टिकेल आणि कोण ढासळेल, हे त्याच्या श्रद्धेवरून मला एकदाही ओळखता आले नाही.

एका खटल्यात आठ वर्षांची मुलगी साक्षीला आली होती. पिंजऱ्याच्या कठड्यावर तिची हनुवटीही पोहोचेना, म्हणून तिला न्यायाधीश साहेबांच्या टेबलाजवळ खुर्ची दिली. इतक्या लहान मुलांना आधी चार साधे प्रश्न विचारून समज पाहतात. साहेबांनी विचारले, ‘खोटं बोललं तर काय होतं, बाळ?’ बहुतेक मुले सांगतात, देव शिक्षा करतो. ही थोडा वेळ फ्रॉकची शिवण चिमटीत धरून बसली आणि म्हणाली, ‘ज्यानं केलं नाही त्यालाच पकडतात.’ साहेबांनी तिला शपथ न देता साक्ष घेतली. खरे का बोलायचे याचे याहून चांगले कारण त्या दालनात मी कोणा मोठ्या माणसाकडून ऐकले नाही.

कायद्याचेही म्हणणे फार वेगळे नाही. (गीतेवर हात ठेवणे फक्त सिनेमात, मी ते कधी पाहिले नाही. गंगाजल किंवा कुराण यांवर शपथ घ्यायला लावणे लोकांच्या मनाला जाचते आणि न्यायाच्या आड येते, हे 1840 च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले होते.) आजचा शपथ अधिनियम 1969 चा आहे. 12 वर्षांखालील मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते, पण शपथ म्हणजे काय हे कळत नाही, असे न्यायालयाला वाटले तर शपथ लागत नाही. शपथ राहून गेली म्हणून कोणाचीही साक्ष बाद होत नाही, हे कलम 7. साक्ष देणारा प्रत्येक जण खरे सांगायला बांधलेला आहे, हे कलम 8. म्हणजे बंधन आहे ते साक्षीचे. आणि कलम 5 प्रमाणे ईश्वराच्या शपथेऐवजी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करता येते. शब्द जिभेला जड आहे, अर्थ सरळ आहे: मी जबाबदारीने, मनापासून सांगतो आहे.

हे दुसरे वाक्य मोठ्याने म्हणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती नास्तिकामुळे नव्हे. गळ्यात तुळशीची माळ असलेले एक म्हातारे बाबा पिंजऱ्यात गप्पच उभे राहिले. मी दोनदा सांगून पाहिले. शेवटी म्हणाले, ‘बाई, खरंच सांगणार हाय. पण विठ्ठलाला ह्या भांडणात कशाला वढता?’ साहेबांनी मला खुणावले आणि मी नमुन्यातले दुसरे वाक्य वाचले. बाबांनी ते स्वच्छ म्हटले.

संविधान सभेतही असेच घडले. 17 ऑक्टोबर 1949 रोजी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, अशी सूचना एच. व्ही. कामत यांनी मांडली. तिला विरोध करणाऱ्यांत पट्टम थाणू पिळ्ळै होते, आणि ते स्वतः श्रद्धाळू होते. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नको, एवढेच त्यांचे म्हणणे. सूचना 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. त्या 68 जणांना नास्तिक म्हणता येणार नाही.

निवृत्तीनंतर मी स्वतः एका अपघाताची साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी राहिले. न्यायालय दुसरे, कारकून तरुण. मी दृढकथन करीन म्हटल्यावर तो गोंधळला. तसे काही नसते म्हणाला. कलम मीच सांगितले. मग उलटतपासात वकिलांचा पहिला प्रश्न आला: ‘म्हणजे तुम्ही देवाधर्माचे काहीच मानत नाही?’ साहेबांनी प्रश्न नाकारला, पण सगळे दालन माझ्याकडे वळून पाहत होते आणि माझे कान तापले होते. त्यानंतर मी गाडी कुठून आली ते सांगितले, ती थांबली नाही हे सांगितले. चालकाचा चेहरा दिसला का, असे विचारल्यावर ‘नाही, अंधार होता’ असे सांगितले. दिसला म्हटले असते तर जखमी मुलाच्या आईला बरे वाटले असते. ती समोरच्याच बाकावर बसली होती.

त्या वाचकांना माझे उत्तर एवढेच आहे. आणि न्यायालयांत काम करणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना विनंती, की साक्षीदार आल्यावर दोन्ही वाक्ये वाचून दाखवा आणि कोणते म्हणणार ते त्यालाच विचारा. मी ते नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत करत होते. दर साक्षीदारामागे अर्धे मिनिट जास्त लागायचे.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी