पिकअप घेण्याआधी रिकाम्या गाडीची वजनपावती पाहावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून आमच्या मोहोळ तालुक्यात ज्यांच्याकडे थोडीफार बागायत आहे अशा बहुतेक घरांत पिकअप घेण्याचा विषय निघू लागला आहे. याच सुमारास आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत मध्यम आकाराच्या पिकअप गाड्यांची तुलना करणारा तक्ता प्रसिद्ध झाला. तो आमच्या गावात पुष्कळांनी कापून ठेवला आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. त्या तक्त्यात किंमत, अश्वशक्ती, मायलेज, मासिक हप्ता असे सगळे रकाने होते. परंतु माल वाहणाऱ्या माणसाने ज्या आकड्यापासून सुरुवात करायला हवी तो आकडा, म्हणजे रस्त्यावर उतरलेली रिकामी गाडी काट्यावर किती भरते, हा त्यात कोठेच नव्हता.

मी स्वतः पहिली पिकअप घेतली तेव्हा हीच चूक केली. माहितीपत्रकात वहनक्षमता १,७०० किलो छापली होती. पन्नास किलोची गोणी धरली तर कांद्याच्या ३४ गोण्या होतात, असा हिशेब मी शोरूममध्येच करून मोकळा झालो. नंतर सोलापूरच्या सर्वच शेतकऱ्यांप्रमाणे हौद्याला लोखंडी जाळी बसवून घेतली, तळाला जाड पत्रा मारला, मागच्या पाट्यांत, म्हणजे लीफ स्प्रिंगमध्ये, एकेक पान वाढवले, पुढे गार्ड लावले. महिनाभराने सहज म्हणून गाडी वजनकाट्यावर चढवली, तेव्हा डिझेलची टाकी भरलेली, ताडपत्री, दोरखंड, जॅक आणि स्टेपनी गाडीतच, अशा अवस्थेत रिकाम्या गाडीचे वजन १,९३५ किलो भरले. आर. सी. बुकावर भरलेल्या गाडीचे कमाल वजन ३,४९० किलो होते. उरले १,५५५ किलो, त्यातून चालक आणि मी अशा दोघांचे १४५ किलो वजा केले की मालासाठी शिल्लक राहतात १,४१० किलो, म्हणजे २८ गोण्या. ज्या सहा गोण्यांच्या भरवशावर मी दर खेपेचा नफा मांडला होता त्या कायद्याच्या दृष्टीने गाडीत बसतच नव्हत्या.

पाट्यात पान वाढवले की गाडीची क्षमता वाढते, हा आपल्याकडचा फार पक्का समज आहे. प्रत्यक्षात पान वाढवल्याने गाडी मागे कमी दबते, इतकेच. ब्रेक तेच राहतात, मागचा धुरा तोच राहतो, टायरच्या कडेवर छापलेला भारनिर्देशांक, म्हणजे टायरला किती भार पेलतो हे सांगणारा आकडा, तोच राहतो आणि आर. सी. बुकावरचा आकडा तर एका किलोनेही पुढे सरकत नाही. उलट त्या पानाचे वजन मालातून कमी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वाहनमालकाच्याच माथी. किलोला दहा रुपये भाव धरला तर सहा गोण्यांचे येतात ३,००० रुपये. त्यांच्यासाठी वीस हजारांची जोखीम पत्करायची की नाही, हा विचार गाडी घेण्याआधी करता यावा एवढेच माझे म्हणणे आहे.

तुलनेची दुसरी बाजू मालाच्या प्रकाराची आहे, आणि येथे सगळ्यांना एकच गाडी चांगली म्हणून सांगणे मला चुकीचे वाटते. कांदा हा वजनाचा माल आहे, हौदा अर्धाही भरलेला नसतो तोच गाडीचे वजन पूर्ण होते. त्यामुळे सिद्धेश्वर बाजार समितीत कांदा घेऊन येणाऱ्याने हौद्याच्या लांबीसाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा कडबा वाहणाऱ्याचे याच्या नेमके उलट असते, कारण त्याची गाडी आकाराने भरते आणि वजनाने रिकामीच राहते. सांगोल्याच्या डाळिंबाचे क्रेट या दोहोंच्या मध्ये येतात. हौदा नऊ फुटांऐवजी दहा फुटांचा असेल तर प्रत्येक थरात क्रेटची एक ओळ जादा बसते आणि थर कमी रचावे लागल्याने खालच्या फळांना मार कमी लागतो, हा अनुभव आमच्या पाहुण्यांकडे मी स्वतः पाहिला आहे. महिंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या मालिकेत १.३ टनांपासून २ टनांपर्यंतचे प्रकार आहेत आणि त्यांतील लांब हौदा सुमारे दहा फुटांचा आहे. टाटाची योद्धा २.० ही २०२२ मध्ये दोन टन क्षमतेची म्हणून आली, त्याच वेळी आलेली इंट्रा व्ही-५० दीड टनाची आहे, तर अशोक लेलँडची बडा दोस्त आय-४ कंपनीच्या आकड्याप्रमाणे १,८६० किलो वाहते. हे सगळे आकडे कंपन्यांचे आहेत आणि त्या प्रत्येकातून जाळी, पत्रा आणि माणसे वजा करायची आहेत, हे तुलना करणाऱ्याने विसरू नये.

आपल्या जिल्ह्याला कर्नाटकाची सीमा लागून असल्यामुळे आणखी एक आकडा महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे ३,००० किलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये, ज्या मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही त्याला वाहतूक परवान्याच्या (परमिटच्या) अटीतून सूट आहे. कंपन्यांचे लहान प्रकार या मर्यादेच्या किंचित खाली ठेवलेले दिसतात ते यासाठीच. त्याहून मोठी गाडी घेतली की परवाना आला, आणि टाकळीपुढे भीमा ओलांडून विजयपूरच्या बाजूला माल न्यायचा असेल तर दुसऱ्या राज्यातही चालेल असा परवाना लागतो. ज्याचा सगळा माल सोलापूर, बार्शी आणि पंढरपूर एवढ्यातच फिरतो त्याला याची अडचण वाटणार नाही, पण अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातील शेतकऱ्याने चार-पाचशे किलोंच्या जादा क्षमतेसाठी ही मर्यादा ओलांडण्याआधी वर्षाकाठी आपल्या किती खेपा सीमेपलीकडे होतात हे मोजून पाहावे. वाहनचालक परवान्याचा प्रश्न मात्र आता उरलेला नाही. ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

इंजिनाची तुलना आपल्या तक्त्यात केवळ अश्वशक्तीवर केलेली होती. भरलेली गाडी घेऊन तुळजापूरचा घाट चढताना उपयोगाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि तोही इंजिन कमी फेऱ्यांवर असताना मिळणारा. योद्धाच्या २.२ लिटर इंजिनाची शक्ती १०० अश्वशक्ती आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. इंट्रा व्ही-५० चे दीड लिटरचे इंजिन ८० अश्वशक्ती आणि २२० न्यूटन-मीटर देते, तर बडा दोस्तचे तीन सिलिंडरचे दीड लिटरचे इंजिन तेवढीच अश्वशक्ती, पण १९० न्यूटन-मीटर देते. अश्वशक्तीचा रकाना वाचणाऱ्याला या शेवटच्या दोन गाड्या सारख्याच वाटतील. घाटात त्या सारख्या वाटणार नाहीत. अर्थात ज्याचे रस्ते पुणे महामार्गासारखे सपाट आहेत त्याला लहान इंजिन डिझेल वाचवून देईल, हेही तितकेच खरे.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाविषयीचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली आहे, आणि ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली की बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तासन् तास इंच इंच पुढे सरकणाऱ्या, आणि एरवी शेत ते गाव एवढेच फिरणाऱ्या गाडीत ही गाळणी लवकर तुंबते. विक्रेत्याने हे खरेदीच्या वेळीच सांगितले पाहिजे.

बोलेरो आणि योद्धा यांना पुढे बॉनेट आहे, इंट्रा आणि बडा दोस्त यांची केबिन थेट पुढे आहे. दुसऱ्या प्रकारात तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौद्याला जागा जास्त मिळते आणि नवी पेठेसारख्या भागात वळणे सोपे जाते. परंतु इंजिन बैठकीखाली येत असल्याने त्याची धग चालकाला लागते. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने गाडीत काढला आहे त्याला ही गोष्ट किरकोळ वाटणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, पण तो नियम ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या वाहनांसाठी असल्यामुळे आपल्या बहुतेक पिकअप त्यातून सुटतात. म्हणून एसी आहे की नाही हे प्रत्येक प्रकाराच्या बाबतीत वेगळे विचारावे, आणि चालक नोकरीवर ठेवणार असाल तर अधिकच आग्रहाने विचारावे.

टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांना त्याच तक्त्यात स्थान दिले होते, ते मला पटले नाही. त्या उत्तम गाड्या आहेत, पण पाच माणसांच्या खासगी वापरासाठी घेतल्या जाणाऱ्या. कांद्याच्या हिशेबात त्या बसत नाहीत.

पिकअपच्या हौद्यात माणसे बसवण्याविषयी मात्र मला कळकळीने लिहायचे आहे. तुळजापूरच्या दर्शनाला, लग्नाला, खुरपणीला माणसे हौद्यातून नेली जातात आणि विमा आहे म्हणून मालक निर्धास्त असतो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू वाहनाच्या सक्तीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. देवदर्शनाला बसवलेले पाहुणे आणि शेजारी येत नाहीत, आणि अपघात झाल्यास त्यांची भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येऊ शकते. ज्यांना रोज माणसे आणि माल दोन्ही न्यायचे आहेत त्यांनी दुहेरी केबिनच्या प्रकारांकडे पाहावे. त्यात हौदा आखूड होतो आणि माल कमी बसतो, पण माणसे पट्टा लावून आसनावर बसतात.

आपल्याकडे आणि आपल्यामार्फत सोलापुरातील विक्रेत्यांकडे माझी विनंती अशी आहे की पुढच्या पुरवणीत प्रत्येक गाडीच्या नावापुढे आर. सी. वरील एकूण वजन, जाळीसह रिकाम्या गाडीचे काट्यावरचे वजन, हौद्याची आतील लांबी-रुंदी आणि टॉर्क हे रकाने असावेत, आणि ग्राहकाला निदान एक टन माल भरून चालवून पाहण्याची सोय द्यावी. सध्या रिकामी गाडी होटगी रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात, त्यातून क्लच आणि ब्रेक यांच्याविषयी काहीच कळत नाही. माझ्या गाडीची आणि गावातील आणखी तिघांच्या गाड्यांची वजनपावती माझ्याजवळ आहे. आपण तक्ता नव्याने करणार असाल तर त्या चारही पावत्या आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक कांदा उत्पादक वाचक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर